माझ्याच वर्गात येत नाहीस

कांदिवली, १९ जुलै १९८६

अनुपमा,

'प्रिय' राहून गेलेलं नाही, मुद्दाम गाळलंय. मराठीची शिक्षिका आहे मी, मायना विसरत नाही.

काल टीचर्स रूममध्ये जयवंत सरांना तुझं पत्र आलं. चांगलं जाडजूड. गुरुवारी तू त्यांच्या विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसलीस, चकार शब्द न बोलता उठून गेलीस, आणि मागोमाग मुलुंडहून हे पत्र. जयवंत सर खिडकीशी उभे राहून वाचत होते, मध्येच स्वतःशी हसत होते. आज भूगोलाच्या लताबाईंना आलं. त्यांनी तर घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं, जणू नवऱ्याचंच आलंय!

मोठ्या सरांनी आम्हाला मीटिंगमध्ये समजावलं होतं. आठवी-नववीच्या पोरांना विज्ञान, इतिहास, भूगोलाचं पुस्तक वाचून कळत नाही, म्हणून त्या-त्या विषयाच्या शिक्षकालाच, वाचायला कसं शिकवायचं ते शिकवणार. आणि शिकवणार कोण, तर मुलुंडच्या शिक्षक-प्रशिक्षण केंद्राच्या अनुपमाबाई. वर्गात बसतील, वरती कुणाकडे चुगली करणार नाहीत, जे सांगायचं ते शिक्षकाला पत्रानं सांगतील. झकास. पण वाचन हा विषय या शाळेत इतकी वर्षं कुणाचा होता गं? तू इथे इतिहास शिकवायचीस. सनावळ्या.

केंद्राच्या त्या जागेसाठी अर्ज मीही केला होता, आणि तुला सांगून केला होता. डब्यातली तुझी फणसाची भाजी खाताना सांगितलं होतं. तू म्हणालीस, "कर ना, तुझंच काम आहे ते." तुझाही अर्ज गेलाय हे मला कधी कळलं? मोठ्या सरांनी तुझ्या निवडीचा पेढा हातावर ठेवला तेव्हा. तो पेढा मी खाल्ला, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. टाकला नाही.

विज्ञानाला गेलीस, भूगोलाला गेलीस, गणिताला जाणार म्हणे. माझ्याच वर्गात येत नाहीस.

सुलक्षणा


कांदिवली, २३ ऑगस्ट १९८६

अनुपमा,

उत्तर नाही. ठीक आहे. ज्यांच्या वर्गात बसतेस त्यांनाच पत्रं, असा हिशोब असेल.

परवा माझा ऑफ तास होता. मी व्हरांड्यात उभी होते, सहज. तुझ्या लाडक्या जयवंत सरांचा तास चालू होता. खरं तर त्याला तास का म्हणायचं? सर गप्प खुर्चीत. पोरं दोघं-दोघं मिळून पुस्तकातला एकेक परिच्छेद वाचतात, मग पुस्तक मिटून एकानं दुसऱ्याला सांगायचं, काय होतं त्यात. दुसऱ्यानं म्हणायचं, "नाय कळलं, परत सांग." सगळा मासळीबाजार! हेच करायचं तर मास्तर हवेत कशाला, शिपायानं घंटा दिली तरी पुरे. आणि माणूस कोण, तर ज्याचा फळा मी दर मधल्या सुट्टीत बघते आणि दात आवळते. 'पाणी'मधला 'ण' त्याला अजून सापडायचाय. कानामागून आला आणि तिखट झाला.

माझ्या वर्गात येऊन बघ. येऊ नकोस, नुसतं मनात आण. मी धडा वाचते तेव्हा पोरं माना वर करून ऐकतात. ओळ न ओळ उलगडून सांगते. मग प्रश्नोत्तरं फळ्यावर, स्वच्छ अक्षरात. पोरं उतरवून घेतात, पाठ करतात आणि पास होतात.

तू गेल्यावर नववी ब मध्ये एक मुलगी आली आहे, मथुरा. चारकोप गावातली, कोळ्याची. आई मंजुळा आपल्या बाजारात म्हावरं विकते, पूल उतरल्यावर डाव्या हाताला बसते बघ, मोठ्या कुंकवाची. मुलगी दोन वर्षं मागे पडलेली, उंच, अंगानं थोराड, मागच्या बाकावर बसायची. मी पुढे आणली. काय वाचते गं! कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं अंगात. परवा प्रार्थनेनंतर सुविचार आणि उतारा वाचला तर मोठे सर म्हणाले, "ही तर सुलक्षणाबाईंचा आवाज घेऊन बोलते." शाळा सुटली की माझ्याजवळ बसते. एकदा वाचून दाखवलं की पुढच्या वेळी माझ्यासारखं म्हणून दाखवते.

तुझ्या केंद्राच्या एकाही कागदावर हे येणार नाही. म्हणून मी लिहिलं.

सुलक्षणा


कांदिवली, १८ नोव्हेंबर १९८६

अनुपमा,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या पत्रांना एक कार्ड! "शिक्षकाने स्वतः बोलावल्याशिवाय आम्ही वर्गात जात नाही, नियम आहे. तू बोलाव, मी येते. फराळ केलास का?"

फराळ केला. करंज्या बिघडल्या. तुला बोलावणार नाही.

आई माझी आली होती दिवाळीत मालवणहून. तिला तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुका काय करूचा आसा? तिचा ता बघीत." तिला वाटतं आपली भांडणं अजून लहानपणासारखी वहीच्या कव्हरावरून होतात.

सहामाहीचे निकाल लागले. मथुरा मराठीत वर्गात पहिली. विज्ञान आणि इतिहास, दोन्हीत नापास. आता तूच सांग, दोष कुणाचा? पोरीला वाचता येतं, हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट आहे. मग त्या दोघांनी काय दिवे लावले? मी हे टीचर्स रूममध्ये मोठ्यानं म्हटलं. जयवंत सर डोकं खाजवत म्हणाले, "बाई, मला वाटतं तिला वाचून कळत नाहीये." मला! माझ्या मथुराबद्दल! मी त्यांना म्हटलं, "सर, आधी आपला 'ण' नीट करा."

हसले ते. त्यांना राग येत नाही, हा त्यांचा सर्वांत मोठा दुर्गुण.

पण खरी काळजी वेगळीच आहे. मोठ्या सरांनी स्पष्ट सांगितलंय, दहावीचा निकाल शाळेला शंभर टक्के हवा, म्हणून नववीतच गाळणार. जे दोन विषयांत अडकतील त्यांना वर ढकलायचं नाही. मथुरा आधीच दोन वर्षं मागे. तिसऱ्यांदा बसवली तर तिचा बाप धर्मा तिला शाळेतून काढेल, म्हणालाय तसं. मग म्हावऱ्याची पाटी नाहीतर लग्न.

तुझ्या मागच्या बाकावरून हे दिसतं का?

सुलक्षणा


कांदिवली, २२ जानेवारी १९८७

अनुपमा,

आज तू आली नव्हतीस, केंद्रात मीटिंग होती म्हणे. पण मोठ्या सरांनी तुझीच कल्पना राबवली, प्रत्येक विषयाच्या शिक्षकानं न शिकवलेला एक उतारा सगळ्या शिक्षकांसमोर मुलाकडून वाचून घ्यायचा. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः म्हटलं, मराठीचाही व्हायलाच हवा, आणि मथुराला आणलं.

उत्तम वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा घसा बसला होता तिचा, थंडी आहे ना, त्यामुळे पुढचं फार बोलली नाही. एकंदर छान झालं.

सुलक्षणा


कांदिवली, २५ जानेवारी १९८७

अनुपमा,

जयवंत सरांनी कळवलंच असेल तुला. त्यांचं पत्र आधी पोचायला नको, माझंच वाच.

घसा बसला नव्हता. 

पेपरातली एक बातमी मी कापून आणली होती, बोरिवलीतल्या पाणीकपातीची. सोपी असावी म्हणूनच घेतली. पाइपलाइनचं काम, म्हणून मंगळवारी सकाळी पाणी येणार नाही, बुधवारी कमी दाबानं येईल, सोमवारीच भरून ठेवा. एवढंच. मथुरानं काय वाचली गं! स्वल्पविरामाला थांबली, 'कमी दाबाने' म्हणताना आवाज हळू केला. लताबाईंनी टाळ्या सुरू केल्या. मी जयवंत सरांकडे बघितलं, बघितलंत ना, अशी.

त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "मथुरा, पाणी कधी भरून ठेवायचं मग?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली, सांग म्हणून. ती ताठ उभी राहिली, हात मागे बांधले आणि म्हणाली, "प्रस्तुत उताऱ्यातून लेखकाने मानवी जीवनातील पाण्याचे महत्त्व सांगितले आहे."

अनुपमा, सगळे हसले. लताबाई तर डोळे पुसत होत्या. मोठे सर हसले. मथुराला वाटलं उत्तर अर्धं राहिलं, म्हणून तिनं पुढे जोडलं, "व आपल्या मनावर बिंबवले आहे."

ते माझं वाक्य आहे. नदीच्या धड्याला मी फळ्यावर लिहून दिलेलं. शब्द न शब्द माझा.

एक जयवंत सर तेवढे हसले नाहीत. ह्याचा मला सगळ्यांत जास्त संताप आला. हसले असते तर त्यांना चार शब्द सुनावता आले असते.

मुलगी बाहेर गेल्यावर मी पण गेले. पंपापाशी तोंड धूत होती. मला म्हणाली, "बाई, चुकलं काय माझं? सगळं बरोबर बोलली ना मी?" मी म्हटलं, बरोबर बोललीस. दुसरं काय म्हणणार होते? तिच्या घरी नळ नाही. सार्वजनिक नळावर रांगेत उभी राहून हीच मुलगी पाणी भरते, कुठल्या वारी येणार नाही ते तिला तोंडपाठ असतं. आणि कागदावर तेच वाचून तिला पत्ता नाही. तिला वाटलं कागदावरचं पाणी वेगळं असतं. कुणी वाटायला लावलं ते तूच ठरव.

हे पत्र उत्तरासाठी नाही. कीव करणारं काही लिहून पाठवलंस तर तसंच परत करीन.

सुलक्षणा


कांदिवली, २८ एप्रिल १९८७

अनुपमा,

कीव केली नाहीस, बरं झालं. नुसतं विचारलंस, मथुराचं काय झालं. सांगते.

विज्ञानात कशीबशी सुटली, इतिहासात अडकली, आणि मराठीत मीच तिला या वेळी न शिकवलेला उतारा घातला होता, त्यात मार्क गेले आणि तिथेही नापास. हो, मीच घातला. मोठे सर म्हणाले, बाई, तुम्हीच तुमच्या मुलीला पाडलंत. जूनमध्ये फेरपरीक्षा, त्यात पास झाली तर दहावीत, नाहीतर घरी. धर्मानं शाळेच्या फाटकात येऊन सांगितलं, "जूनपर्यंत बघतंव. मंग नाय."

मी त्या संध्याकाळी बाजारात गेले. मंजुळाला म्हटलं, सुट्टीत पोरीला माझ्याकडे पाठव, रोज सकाळी, मी मालवणला जात नाही यंदा. ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, राग नका मानू. पोर सरांकडं जातंय. सर शाळेत बसणार हाय सुट्टीत."

कुठले सर, मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"जयवंत सर. तीच बोलली, त्यांच्याकडंच बसीन."

मग मथुराच आली आतून बर्फ घेऊन. मी हसत विचारलं, का गं, बाईंचा कंटाळा आला का? तिनं बर्फ खाली ठेवला, हात परकराला पुसले आणि म्हणाली, "नाय बाई. बाई लय चांगल्या सांगतात. पण बाई सांगून टाकतात. सर थांबतात."

मंजुळानं मला दोन बोंबील जास्त घातले. तोंडात मारल्यासारखे.

जळते मी, अनुपमा. तुला वाटत असेलच, तर मीच लिहिते. तू गेलीस तेव्हा तुझ्यावर जळले, कारण माझी जागा गेली. मग त्या पत्रांवर. मग त्या 'ण' न येणाऱ्या माणसावर, कारण तुम्ही दोघं टीचर्स रूमच्या कोपऱ्यात चहा घेता आणि मी आले की "या ना बाई" म्हणता. 'या ना' परक्याला म्हणतात. पण त्या सगळ्याचं मिळून झालं नाही तेवढं बाजारात झालं. ती मुलगी माझी होती. आवाज माझा होता तिचा.

आणि जयवंत सरांना वाचन शिकवायला तूच शिकवलंस. माझ्या शाळेत, माझ्या डोळ्यांदेखत, मला सोडून सगळ्यांना.

सुलक्षणा


कांदिवली, २३ मे १९८७

अनुपमा,

सुट्टीत मी रोज शाळेत जाते. प्रयोगशाळेत पंखा चांगला आहे म्हणून तिथे बसून पुढच्या वर्षाची टाचणं काढते. ते दोघं समोरच्या टेबलावर असतात, त्याला मी काय करणार?

त्यांची पद्धत अशी. इतिहासाचा एक परिच्छेद. मथुरा मनात वाचते. मोठ्यानं नाही, आवाजाला पूर्ण बंदी. मग पुस्तक मिटायचं. "काय झालं, सांग." ती पुस्तकी बोलायला लागली की ते कान खाजवतात, "हे मला नाय कळलं. तुझ्या आयेला सांगतेस तसं सांग." मग शांतता. अनुपमा, ती शांतता मला सोसवत नाही. मुलगी ओठ हलवत्ये, पंखा कुरकुरतोय आणि हा माणूस खिडकीतून चिंच बघतोय! माझ्या जिभेवर उत्तर नाचत असतं. दोनदा मी बोलून गेले. तिसऱ्यांदा जयवंत सर म्हणाले, "बाई, टाचण झालं का?"

मग ते भाच्याच्या मुंजीला चिपळूणला गेले आणि जाताना मला म्हणाले, चार दिवस तुम्ही घ्याल का. मी म्हटलं, बघते, जमलं तर. मनात उकळ्या फुटत होत्या.

पहिल्या दिवशी मी अख्खा धडा समजावून सांगितला. कसा रंगला! मथुरा मान डोलावत होती. शेवटी विचारलं, सांग बघू. तिनं हात मागे बांधले. तेव्हाच मी समजले.

दुसऱ्या दिवशी जीभ दाताखाली धरून बसले. शब्दशः. घरी आले तर जिभेला दाताचे वण. ती वाचत होती, थांबत होती, परत मागच्या ओळीवर जात होती. मग म्हणाली, "बाई, राजाला शेतसारा हवा होता, पण दुष्काळ पडला, मग लोक गाव सोडून पळाले, मग सारा द्यायला कोणच नव्हतं. म्हणजे राजानं स्वतःचीच वाट लावली ना?"

मी म्हटलं, "मला नाही कळलं, परत सांग." कळलं होतं. परत ऐकायचं होतं.

हे जयवंत सरांना सांगू नकोस. त्यांना मी म्हटलंय, चार दिवस आम्ही उजळणी केली.

सुलक्षणा


कांदिवली, २५ जुलै १९८७

अनुपमा,

मथुरा पास झाली हे तुला जूनमध्येच त्यांच्याकडून कळलं असणार. मी मुद्दाम लिहिलं नाही. तुमचं पेढे-बिढे होऊ देत म्हटलं.

आज लिहिते कारण आज काही झालं. दहावी ब, माझाच तास.

कोकणातल्या त्या आईचा धडा तुला आठवत असेल. मुलगा बोटीनं मुंबईला नोकरीला निघतो, पहाट झालेली, आई त्याच्या हातावर दही देते आणि तो अंगण ओलांडायच्या आत दार लावून घेते. इतकी वर्षं शिकवते मी तो. शेवटचा परिच्छेद वाचताना माझा आवाज नेहमी दाटतो, दरवर्षी त्याच ठिकाणी. मग फळ्यावर उत्तर: 'आईचे अंतःकरण पुत्रवियोगाच्या दुःखाने भरून आले.'

मी खडू घेऊन वळले आणि मागून आवाज आला, "बाई."

मथुरा उभी. पुस्तकात बोट.

"बाई, तो अजून अंगणातच आहे ना? इथं लिहिलंय. मग आईनं दार का लावलं?"

मी म्हटलं, दुःख झालं म्हणून.

"दुःख झालं तर दारात उभी राहून बघत बसंल ना, दिसेनासा होईपर्यंत. ही तर आधीच दार लावते. का?"

वर्गात कुणी हसलं नाही. मला उत्तर येत नव्हतं गं. दरवर्षी गळा दाटायचा माझा त्या ओळीला, आणि एकदाही मी स्वतःला विचारलं नाही, का. मी म्हटलं, "खाली बस." ती बसायला लागली. मग मी म्हटलं, "नाही. उभी राहा. परत विचार. मोठ्यानं."

तिनं परत विचारलं. मी खुर्चीवर बसले आणि काही बोलले नाही. पोरं कुजबुजायला लागली, मग पुस्तकं उघडली, मग भांडायला लागली. एक म्हणाला, तिला राग आलाय. एक म्हणाली, त्यानं रडताना बघू नये म्हणून. मासळीबाजार! घंटा झाली तरी कुणी उठेना. मी गप्प होते. उरलेला अख्खा तास गप्प, मी!

दार का लावलं ते मला घरी येताना कळलं. तू केंद्रात रुजू व्हायला निघालीस त्या दिवशी सगळा स्टाफ फाटकापर्यंत आला होता आणि मी वर्गात दार लावून वह्या तपासत होते. एकही वही तपासली नव्हती. ती आई रागावलेली नव्हती, अनुपमा. तिला वाटलं, आपण दारात उभे राहिलो तर धावत जाऊन त्याचा हात धरू.

पोरांना हे सांगणार नाही. सोमवारी त्यांचं तेच शोधू देत.

आणि एक. पुढच्या पत्रात जयवंतला एवढं आवर्जून कळव. तो प्रश्न तिला विज्ञानाच्या तासाला पडला नाही. मराठीच्या पडला, आणि तिनं तो मला विचारला.

तुझी,
सुलक्षणा